जुनी गाडी पीयूसीत का अडकते? चार आकडे आणि एक स्क्रू

पेटची तयारी करताना संशोधन पद्धतीचा भाग सगळ्यांनाच करावा लागतो. स्वतंत्र चल, आश्रित चल, विश्वसनीयता, वैधता. व्याख्या पाठ होतात, पर्यायांमधून बरोबर उत्तर ओळखताही येतं. अडचण येते ती नंतर, जेव्हा समोर एक खरंखुरं यंत्र असतं, ते एक आकडा दाखवतं आणि तो आकडा आपल्याला हवा तसा नसतो. तेव्हा नेमकं काय करायचं?

हा प्रश्न समजावून सांगायला मी आज एक गाडी घेतली आहे. माझं संशोधन इंजिनातल्या ज्वलनावर चालतं, त्यामुळे हे उदाहरण मला जवळचं. पण तुमचा विषय वनस्पतिशास्त्र असो की अर्थशास्त्र, शेवटपर्यंत वाचा. गाडीचं ज्ञान लागणार नाही, लागेल ते सांगत जाईन.

समजा, तुमच्याकडे १९९४ सालची मारुती ८०० आहे. काकांनी दिलेली, किंवा चार मित्रांनी वर्गणी काढून हौसेने घेतलेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. पत्र्याचं काम झालं, रंग झाला, सीट कव्हर नवी बसली. गाडी चालू होते, पळतेही. आणि पीयूसी केंद्रावर नापास होते. गॅरेजवाले दादा म्हणतात, "आणा इकडे, स्क्रू फिरवून देतो, पास होईल." बहुतेक वेळा होतेही.

मग हरकत काय? हरकत एवढीच, की त्या स्क्रूने आकडा बदलतो, बिघाड बदलेलच असं नाही. आकडा खाली आणणं आणि बिघाड दूर करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आजचा सगळा लेख या एका वाक्याचा आहे.

आधी परीक्षा कसली आहे ते बघा

पीयूसीची मर्यादा सगळ्या गाड्यांना एकच नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या नियम ११५ मध्ये ती दिली आहे, आणि ती गाडी कोणत्या मानकानुसार बनली त्यावर ठरते. पेट्रोलवर चालणाऱ्या चारचाकींचं असं आहे:

- भारत स्टेज २ च्या आधीच्या मानकांची गाडी: कार्बन मोनॉक्साइड ३.० टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम.
- भारत स्टेज २ आणि ३: कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के, हायड्रोकार्बन ७५० पीपीएम.
- भारत स्टेज ४ आणि पुढे: कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम. शिवाय इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास ठेवून आणखी एक चाचणी.

आपली १९९४ ची गाडी पहिल्या गटात बसते. केंद्रावर घाईत दुसरा गट निवडला गेला, तर कार्बन मोनॉक्साइड २ टक्के असलेली, म्हणजे नियमात व्यवस्थित बसणारी गाडी नापास दिसेल. तुम्ही घरी येऊन कार्बोरेटर उघडून बसाल, आणि बिघाड मुळात नसेलच. म्हणून पहिली पायरी पाना हातात घेण्याची नाही. आरसी बुक काढा, उत्पादनाचं वर्ष बघा, आपल्याला कोणता निकष लागू आहे ते कागदावर लिहा.

संशोधनातही हेच. "माझा निकाल कमी आला" असं म्हणण्याआधी विचारा, कशाच्या तुलनेत कमी? ज्या मर्यादेशी तुलना करताय ती तुमच्या नमुन्यासाठी ठरवलेली आहे का?

यंत्र नेमकं काय मोजतं

सायलेन्सरच्या तोंडात एक नळी घालतात. ती किमान ३० सेंटिमीटर आत जायला हवी. जेमतेम तोंडाशी अडकवली तर धुराबरोबर बाहेरची हवाही ओढली जाते आणि सगळं पातळ होतं. पातळ झालं की आकडे आपोआप छान दिसतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आत ओढलेला वायू एका छोट्या नळकांड्यातून जातो. त्याच्या एका टोकाला अवरक्त प्रकाशाचा स्रोत असतो, दुसऱ्या टोकाला संवेदक. प्रत्येक वायू आपल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. कार्बन डायऑक्साइड साधारण ४.३ मायक्रोमीटरच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइड ४.६ ते ४.७ च्या आसपास, हायड्रोकार्बन ३.४ च्या आसपास. किती प्रकाश गायब झाला त्यावरून वायू किती आहे ते काढतात. ऑक्सिजन अवरक्त प्रकाश असा शोषत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा विद्युत-रासायनिक सेल असतो. हा सेल बॅटरीसारखा हळूहळू संपतो आणि बदलावा लागतो.

आता एक गंमत बघा. "हायड्रोकार्बन १५०० पीपीएम" वाचल्यावर वाटतं, यंत्राने सगळी हायड्रोकार्बन मोजली. तसं नसतं. पेट्रोलच्या धुरात अनेक वेगवेगळी हायड्रोकार्बन असतात. यंत्र आकडा सांगतं तो "हे सगळं हेक्झेन आहे असं धरलं तर इतकं" या हिशेबाने. त्यातही बेंझिनच्या जातकुळीतली संयुगं या तरंगलांबीला नीट दिसतच नाहीत, त्यामुळे ती कमी मोजली जातात. यंत्राचं प्रमाणीकरण मात्र बहुधा प्रोपेन वायूने करतात आणि एका गुणकाने, जो साधारण ०.५ असतो, तो आकडा हेक्झेनमध्ये बदलतात.

म्हणजे यंत्र खोटं बोलतं का? अजिबात नाही. ते ठरवून दिलेल्या पद्धतीने एक ठरावीक गोष्ट मोजतं. आपण त्या आकड्याला जे नाव देतो ते जास्त मोठं असतं, इतकंच. तुमच्या प्रबंधात "ताण", "आरोग्य", "उत्पादकता" असे शब्द येतील, तेव्हा हे हेक्झेन आठवा. तुम्ही मोजताय ते नेमकं काय, आणि त्याला नाव काय दिलंय?

चार वायू, चार साक्षीदार

आपल्या गाडीचा निकाल दोनच आकड्यांवर लागतो: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. पण चार वायूंचं यंत्र असेल तर पडद्यावर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसतात. तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा, "दादा, चारही रिडिंग लिहून घेऊ का?" निकाल दोन आकडे सांगतात, कारण शोधायला चारही लागतात.

थोडं रसायनशास्त्र. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा याहून कमी पडली तर मिश्रण "रिच" झालं म्हणतात, जास्त झाली तर "लीन".

कार्बन मोनॉक्साइड हा अर्धवट जळाल्याचा पुरावा. कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की तो तयार होतो. त्यामुळे हा आकडा वर गेला की पहिला संशय रिच मिश्रणावर.

हायड्रोकार्बन म्हणजे न जळता तसंच बाहेर पडलेलं इंधन. याला कारणं दोन्ही बाजूंनी असू शकतात. मिश्रण फार रिच असलं तरी वाढतं. फार लीन असलं, ठिणगी कमजोर असली, एखादा सिलिंडर मिस मारत असला, तरीही वाढतं.

कार्बन डायऑक्साइड हे चांगल्या ज्वलनाचं माप. इंजिन नीट जळत असेल तर तो १४-१५ टक्क्यांच्या जवळ जातो. काहीही बिघडलं की खाली येतो.

ऑक्सिजन म्हणजे वापरला न गेलेला. रिच मिश्रणात तो जवळजवळ संपलेला असतो. लीन असेल, ठिणगी चुकत असेल, किंवा बाहेरची हवा मध्येच शिरत असेल, तर वाढतो.

प्रत्येक साक्षीदार एकेकटा अर्धंच सांगतो. चौघांच्या जबान्या शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट उलगडते.

तीन रिडिंग, तीन वेगळे बिघाड

खालचे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत असे आकडे सहज दिसू शकतात. पुढचं वाचण्याआधी प्रत्येक वेळी क्षणभर थांबा आणि स्वतः अंदाज करा.

पहिली गाडी. कार्बन मोनॉक्साइड ५.२ टक्के, हायड्रोकार्बन ६२० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड ११.२ टक्के, ऑक्सिजन ०.६ टक्के.

ऑक्सिजन संपलेला, कार्बन मोनॉक्साइड भरपूर, हायड्रोकार्बन मर्यादेत. हे सरळ रिच मिश्रण. कारणं कुठे शोधायची? एअर फिल्टर धुळीने बुजलेला, चोक पूर्ण उघडत नाही, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी जास्त, नीडल व्हॉल्व्ह गळतोय, किंवा हवेचं बारीक छिद्र कचऱ्याने बंद. अजून एक सहसा न सुचणारं: इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेलं. गरम झालं की ते वाफ होऊन परत इंजिनातच ओढलं जातं. ऑइलची पट्टी काढून वास घेतला तरी कळतं.

दुसरी गाडी. कार्बन मोनॉक्साइड १.१ टक्के, हायड्रोकार्बन २६०० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड १२.० टक्के, ऑक्सिजन ३.६ टक्के.

कार्बन मोनॉक्साइड उत्तम, तरी हायड्रोकार्बन मर्यादेच्या कितीतरी वर. इंधन आहे, ऑक्सिजनही शिल्लक आहे, आणि दोघं एकमेकांना न भेटता बाहेर पडताहेत. म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकतेय, किंवा मिश्रण इतकं लीन आहे की आग पकडत नाही. इथे प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, टायमिंग, टॅपेट, आणि इनटेकच्या गास्केटमधून किंवा व्हॅक्यूमच्या नळीतून शिरणारी हवा तपासायची. या गाडीचा स्क्रू फिरवून मिश्रण आणखी लीन केलं तर? ठिणगी आणखी चुकेल, हायड्रोकार्बन आणखी वाढेल. पहिल्या गाडीचं औषध दुसरीला विष.

तिसरी गाडी. कार्बन मोनॉक्साइड २.४ टक्के, हायड्रोकार्बन ९०० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड ८.१ टक्के, ऑक्सिजन ७.२ टक्के.

अरे, ही तर पास! ३.० च्या खाली, १५०० च्या खाली. सर्टिफिकेट घ्या, चला घरी.

थांबा. कार्बन डायऑक्साइड इतका कमी का? ऑक्सिजन ७ टक्के कुठून आला? इंधन न जळल्यामुळे इतका ऑक्सिजन उरला असता तर हायड्रोकार्बनही आभाळाला टेकलं असतं. ते तसं नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी बाहेरची हवा मिसळतेय. सायलेन्सरच्या पाइपला भोक असेल, जोडाचं गास्केट फुटलं असेल, किंवा नळी नीट आत गेली नसेल.

चार स्ट्रोक इंजिनासाठी यावर एक सोपं सूत्र वापरतात. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडची बेरीज १५ टक्क्यांहून कमी असेल, तर कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्याला १५ ने गुणून त्या बेरजेने भागायचं. इथे बेरीज २.४ अधिक ८.१, म्हणजे १०.५. आणि २.४ गुणिले १५ भागिले १०.५ म्हणजे साधारण ३.४ टक्के. म्हणजे ही गाडी मुळात नापास आहे. सायलेन्सर फुटला म्हणून पास झाली! तुम्ही इमानदारीने सायलेन्सर वेल्ड करून घेतलात, तर पुढच्या वेळी ती नापास होईल आणि तुम्हाला वाटेल की वेल्डिंगवाल्याने काहीतरी बिघडवलं.

आणि हे सूत्रही डोळे मिटून वापरायचं नाही बरं का. दुसऱ्या गाडीची बेरीज बघा: १३.१. तीही १५ पेक्षा कमी आहे, पण तिथे कारण बाहेरची हवा नसून चुकणारी ठिणगी आहे. फरक हायड्रोकार्बनने सांगितला. सूत्र दुरुस्ती करतं, निदान करत नाही.

एका वेळी एकच गोष्ट, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी

आता गाडी दुरुस्त करायला घेऊ. मोह असा होतो की फिल्टर, प्लग, ऑइल, कार्बोरेटर सगळं एकाच दिवशी करून टाकावं. गाडीला चालवायचंच असेल तर त्यात काही वावगं नाही. पण कारण शोधायचं असेल तर एका वेळी एक बदल, मग रिडिंग, मग पुढचा बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आकडा सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कधीच कळत नाही. सहा महिन्यांनी तोच बिघाड परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. आणि जुन्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांचीच असते.

क्रम साधारण असा ठेवा:

१. ऑइल आणि एअर फिल्टर बदला. स्वस्त आहे, आणि याचा परिणाम बाकी सगळ्यावर होतो.

२. कॉम्प्रेशन तपासा. एखाद्या सिलिंडरमध्ये दाबच धरत नसेल, तर कार्बोरेटरला कितीही समजावलं तरी उपयोग नाही.

३. टॅपेट सेट करा. मग प्लग काढून गॅप बघा. काळा, कोरडा काजळीचा प्लग रिच मिश्रणाकडे बोट दाखवतो, तेलकट प्लग ऑइल वर चढत असल्याकडे.

४. टायमिंग लावा. जुन्या पॉइंटवाल्या गाडीत आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. उलट केलं तर गॅप बदलताना टायमिंग पुन्हा हलतं.

५. हवा कुठून शिरते का बघा. इंजिन चालू ठेवून इनटेकच्या जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, वायरिंग आणि डिस्ट्रिब्युटर सांभाळून. आयडलिंगचा आवाज बदलला तर तिथेच गळती.

६. कार्बोरेटर साफ करा. फ्लोटची पातळी, जेट, चोक.

७. आता, आत्ता कुठे, मिक्श्चरचा स्क्रू.

स्क्रू शेवटी का? कारण तो बाकी सगळ्यांचं पाप झाकू शकतो. फिल्टर बुजलाय, स्क्रू आवळा, आकडा खाली. पुढे फिल्टर बदलला की मिश्रण एकदम लीन आणि गाडी मिस मारायला लागते. संशोधनातही असा एखादा स्क्रू सगळ्यांकडे असतो. कुठलं निरीक्षण "अपवाद" म्हणून वगळायचं, कुठून पुढचा डेटा धरायचा, मॉडेलमध्ये कुठला गुणक घालायचा. ही साधनं वाईट नाहीत. पण बाकी सगळं तपासून झाल्यावर त्यांना हात लावायचा, आणि लावला हे लिहून ठेवायचं.

मिस मारणारा सिलिंडर शोधायचीही एक सुंदर रीत आहे. तीन सिलिंडर, तीन प्लग. एकेक सिलिंडरची ठिणगी थोडा वेळ बंद करून बघायची. चांगल्या सिलिंडरची बंद केली की इंजिन लगेच ढेपाळतं. ज्याची बंद करूनही काही फरक पडत नाही, तोच आधीपासून काम करत नव्हता. गाठ सापडली! हे काम माहीतगाराच्या हाताखाली करा, कारण प्लगच्या वायरचा झटका जबरदस्त असतो. आणि गाडी कधीही बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका. ज्या कार्बन मोनॉक्साइडचे आकडे आपण इतक्या निवांत वाचतोय, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला गुपचूप मारतो.

स्क्रूचा आलेख काढा

स्क्रूची पाळी आली की तोही अंदाजाने फिरवायचा नाही. पाव फेरा फिरवा, अर्धा मिनिट थांबा, इंजिन स्थिर होऊ द्या, आरपीएम पुन्हा आधीइतकं आणा, चारही आकडे लिहा. मग पुढचा पाव फेरा.

नंतर आडव्या अक्षावर फेरे आणि उभ्या अक्षावर वायू घेऊन आलेख काढलात की दिसेल: मिश्रण लीन करत जाऊ तसा कार्बन मोनॉक्साइड खाली खाली जातो. हायड्रोकार्बन मात्र आधी कमी होतो, एका जागी तळ गाठतो आणि मग पुन्हा चढायला लागतो, कारण ठिणगी चुकायला लागलेली असते. स्क्रूची योग्य जागा त्या तळाजवळ असते. फक्त कार्बन मोनॉक्साइडकडे बघत बसलात तर ती जागा ओलांडून पुढे निघून जाल.

यात एक नवा पाहुणाही आलाय: इथेनॉल. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, किलोमागे साधारण ९ किलो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की मिश्रणाची गरज १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. आपला कार्बोरेटर बिचारा पूर्वी होतं तेवढंच इंधन सोडत राहतो. म्हणजे काहीही न बिघडता मिश्रण सुमारे ८ टक्के लीन झालं. आधी रिच असलेली गाडी याने सुधारल्यासारखी वाटेल, आधीच काठावर लीन असलेली मिस मारायला लागेल. म्हणून वहीत पेट्रोल कुठल्या पंपावरचं, कुठल्या तारखेचं, हेही लिहा. प्रयोगात ज्याला आपण हात लावला नाही, ते बदललंच नाही असं समजू नका.

एकदा मोजलं म्हणजे मोजलं नव्हे

कार्बोरेटरची गाडी आयडलिंगला थोडी डुलतेच. त्याच गाडीचं पाच मिनिटांनी रिडिंग घ्या, आकडा वेगळा. म्हणून सुरुवातीलाच, कुठलाही बदल करण्याआधी, तीनदा मोजा. समजा कार्बन मोनॉक्साइड ३.९, ४.४ आणि ४.१ आला. म्हणजे काहीही न करता आकडा अर्ध्या टक्क्याने हलतोय. उद्या प्लग बदलल्यावर ३.८ आला, तर "प्लगमुळे सुधारणा झाली" असं म्हणता येत नाही. ती नुसती डुलणी असू शकते. २.६, २.४, २.७ असे आले तर मात्र बोलता येईल.

अटीही सारख्या हव्यात. थंड इंजिनावर चोक लागलेला असतो, मिश्रण मुद्दाम रिच असतं. घरापासून दोन गल्ल्यांवरच्या केंद्रात गाडी थेट नेली तर ती थंडच असते. आधी वीस मिनिटं चांगली चालवा, मग जा. एसी, दिवे, पंखा बंद. आणि हे दरवेळी, फक्त "आज पास व्हायचंय" त्या दिवशी नाही.

पास झाली, म्हणजे काय सिद्ध झालं?

आता सगळ्यात अवघड भाग. सगळं केलंत, गाडी पास झाली. कार्बन मोनॉक्साइड १.८, हायड्रोकार्बन ४५०. अभिनंदन! पण काय सिद्ध झालं?

एवढंच, की गरम इंजिन उभ्या गाडीत, बिनभाराचं चालत असताना दोन वायू मर्यादेत आहेत. आयडलिंगला कार्बोरेटरमधला एक छोटा वेगळा मार्ग इंधन पुरवतो. रस्त्यावर वेगात असताना मुख्य जेट काम करतं. मिक्श्चर स्क्रूचा त्या मुख्य जेटशी जवळजवळ संबंध नाही. म्हणजे पीयूसीत उत्तम आलेली गाडी कात्रजचा घाट चढताना काळा धूर सोडू शकते. आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स? ती मुख्यतः भाराखाली, जास्त तापमानाला तयार होतात. पीयूसीत ती मोजलीच जात नाहीत.

म्हणून पीयूसी निरुपयोगी म्हणायची का? नाही. ती स्वस्त, झटपट चाळणी आहे, पार बिघडलेल्या गाड्या वेगळ्या काढायला. नव्या मॉडेलची खरी परीक्षा वेगळी असते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या चक्रात चालवतात आणि दर किलोमीटरला किती ग्रॅम प्रदूषक निघतं ते मोजतात. दोन्ही परीक्षा आपापल्या जागी बरोबर. चूक तेव्हा होते, जेव्हा चाळणीच्या निकालावरून आपण "गाडी स्वच्छ आहे" असं मोठं विधान करतो.

पण ती रोलरवरची परीक्षाही शेवटचा शब्द नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहान गटाने, ज्यात तुमच्यासारखे संशोधक विद्यार्थी होते, डिझेल गाड्यांवर मोजणीची यंत्रं लादून त्या रस्त्यावर चालवल्या. फोक्सवॅगनच्या दोन गाड्यांत नायट्रोजनची ऑक्साइड्स मर्यादेच्या कितीतरी पट निघाली, एकीत १५ ते ३५ पट, दुसरीत ५ ते २० पट. त्याच गाड्या प्रयोगशाळेत रोलरवर पास होत होत्या. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस दिली तेव्हा कारण जगासमोर आलं. स्टीअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब, यावरून गाडीतलं सॉफ्टवेअर "आता परीक्षा चालू आहे" हे ओळखत होतं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालवत होतं. अमेरिकेत अशा सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या होत्या.

गॅरेजमधला स्क्रू आणि ते सॉफ्टवेअर यांत प्रमाणाचा आणि हेतूचा प्रचंड फरक आहे. दोन्हींमध्ये सारखं आहे ते एवढंच: परीक्षेपुरता आकडा आणि रोजचं वागणं वेगळं. आणि रोजच्या वागण्याची किंमत सिग्नलला मागे थांबलेल्या स्कूटरवाल्याच्या फुप्फुसात जमा होते. त्याला आपलं सर्टिफिकेट दिसत नाही.

त्या गटाने केलं काय, हे बघा. ते कुणाला पकडायला निघाले नव्हते. मोजलेला आकडा अपेक्षेशी जुळला नाही, तेव्हा त्यांनी यंत्र पुन्हा तपासलं, पुन्हा मोजलं, आणि आकडा जसा होता तसा लिहिला.

तुमच्यासाठी गृहपाठ

गाडी नसली तरी चालेल. घरातल्या कुणाच्या तरी गाडीचं पीयूसी प्रमाणपत्र मागून घ्या आणि एका पानावर लिहा: काय मोजलं, कोणत्या स्थितीत मोजलं, मर्यादा कोणती लावली, आणि या कागदावरून काय म्हणता येत नाही. शेवटचा रकाना सगळ्यात मोठा होईल, तसाच तो हवा.

मग तुमच्या संशोधन आराखड्यातलं मुख्य मोजमाप घ्या आणि तेच चार रकाने पुन्हा भरा. मुलाखतीत "तुमचं मोजमाप वैध कसं?" असं विचारलं, तर व्याख्या सांगण्यापेक्षा हे पान जास्त उपयोगी पडेल. भरलेले रकाने खाली प्रतिक्रियेत टाकलेत तर मी वाचेन, आणि माझ्या शंकाही विचारेन.